मामाजींची मोटार आणि सात सकाळी

मोटारीत बसून जितके मैल गेला त्याहून जास्त मैल मोटारीच्या मागे चालत गेलेला माणूस आमच्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि ते माझे सासरे, आमचे मामाजी होते, असं मी छातीठोकपणे सांगू शकते. आमचं घर अमरावतीचं, माळ्याचं. मामाजींचे थोरले भाऊ मळ्यात वांगी आणि शेवंती पिकवायचे, आणि मामाजी मात्र ऐन तरुणपणी तारखात्यात शिरले ते तारमास्तर होऊनच बाहेर पडले. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली. तिच्यावर सुताराकडून लाकडी टप बांधून घेतला, आत समोरासमोर दोन बाकं टाकली, आणि जाहीर केलं की आता सारं कुटुंब एका खेपेत कुठंही जाईल. कुटुंब खरोखरच जाई. फक्त निम्मं आत बसून आणि निम्मं मागून ढकलत. त्या मोटारीची बॅटरी रात्रीतून आपोआप रिकामी व्हायची. संध्याकाळी खणखणीत असलेली गाडी सकाळी बटण दाबलं की नुसती 'टक' करून गप्प बसायची. हँडल मारून सुरू करावी, तर हँडलनं एकदा असा उलटा झटका दिला होता की मामाजींचं मनगट महिनाभर गळ्यात होतं. तेव्हापासून घरात हँडलाला बंदी होती.

माझी आणि मोटारीची ओळख लग्नाच्या दिवशीच झाली. माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. पाठवणी झाली, मी डोळे पुसत मोटारीत बसले, आणि मोर्णा नदीच्या पुलाशी गाडी बंद पडली. ढकलायला सगळे पुरुष उतरले, त्यात नवरदेवही उतरले. पण त्यांच्या उपरण्याची गाठ माझ्या शालूला होती. सोडायची तर अशुभ, म्हणून मीही उतरले. मुंडावळ्या बांधलेले आमचे हे गाडी ढकलताहेत आणि मी शालू सावरत शेजारून पळते आहे, असा माझा सासरचा प्रवास सुरू झाला. मामाजी स्टिअरिंगवरून मागे वळून ओरडत होते, "शाबास! सूनबाई, तुमी हात नोका लावू, तुमी नुसत्या चाला!" मला रडू येत होतं ते कधी थांबलं, कळलंच नाही.

मामाजी उंच, किडकिडीत, आणि उन्हाळ्यातही तारखात्याचा बटणांचा काळा कोट घालणारे. इतकी वर्षं कानाशी तारेचं यंत्र कडकडत राहिल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, आणि बोटं मात्र कधी स्वस्थ नसायची. जेवायला बसले की ताटाच्या कडेवर तारेच्या भाषेत टकटक चाले. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मुळीच आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, "पाहा, ताटाले माहं गाऱ्हानं सांगून राहिले!" जगातल्या प्रत्येक अडचणीचं मूळ मामाजींच्या मते एकच होतं: कुठंतरी गळती आहे. मळ्यातलं पाणी पुरत नाही, गळती. थोरल्या भावाची तब्येत उतरते, गळती. एकदा आमच्या ह्यांना कोर्टातल्या कामावर बढती मिळाली नाही, तर मामाजी अर्धा तास विचार करून म्हणाले, "तुह्या अन् साहेबाच्या मधात कुठंतरी तार उघडी पडली हाय."

बॅटरीवर त्यांनी जे उपचार केले ते सांगायचे तर कुणाला खरे वाटणार नाहीत. थंडीत बॅटरीला गारठा बाधतो म्हणून ते तिला काढून घरात आणत आणि स्वतःची कांबळ तिच्यावर घालत. ती गरम आणि हे कुडकुडत. बॅटरीत घालायच्या बाजारातल्या शुद्ध पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी माझ्या चुलीवर तांब्याचं भांडं चढवलं, त्याला वेटोळी नळी जोडली आणि वाफेचं पाणी थेंबथेंब बाटलीत धरायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आबकारीचा जमादार दारात उभा. कुणीतरी सांगितलं होतं की तारमास्तरांच्या घरी दारूची भट्टी लागली आहे. मामाजींना काडीचाही राग आला नाही. त्यांनी जमादाराला पाटावर बसवलं, पेलाभर पाणी दिलं आणि म्हणाले, "प्या. सांगा कसं लागते ते." जमादार प्याला. त्याचं तोंड वाकडं झालं. "काहीच चव नाही हो ह्याला!" मामाजींचा चेहरा उजळला. "नाई ना? मंग बरोबर झालं!"

या सगळ्यात हसू होतं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. माझ्या लग्नाच्या आधी एकदा भर बाजारात गाडी बंद पडली तेव्हा आत्याबाई आत बसलेल्या होत्या. त्या अंगानं चांगल्या भरलेल्या. फळवाल्यांनी गाडी ढकलायला घेतली आणि त्यातली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आत बाई बसल्या हायेत, म्हून जड जाते!" सारा बाजार हसला. आत्याबाई तिथंच उतरल्या, चालत घरी आल्या आणि त्यांनी मामाजींना सांगितलं, "अवो, आयका. सात दिवस लगातार, कोनाचा हात न लागता, सकाळी गाडी सुरू झाली त मी बसीन. नाईतर माहा पाय तुमच्या गाडीले लागनार नाई." आणि खरंच लागला नाही.

आत्याबाईंची धाकटी बहीण परतवाड्याला दिलेली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. तिचा निरोप आला, "ताई, अजून थोडं दिसते. तोंड दाखवून जा." वास्तविक परतवाड्याला भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी जात होत्या. पण आत्याबाई म्हणत, "घरी गाडी असून सर्व्हिसनं आली म्हंतीन लोकं." म्हणजे घरच्या गाडीत बसायचं नाही, आणि घरची गाडी आहे म्हणून दुसऱ्या गाडीतही बसायचं नाही. निरोप येऊन महिने गेले. रोज सकाळी अंघोळ करून मामाजी गाडीत बसत, डोळे मिटून बटण दाबत, आणि आम्ही घरातले सगळे हातातलं काम थांबवून कान देत असू. आत्याबाई तेवढ्या तवा आपटत राहत, जणू त्यांना काही घेणंच नाही. कधी तीन दिवस गाडी सुरू होई, कधी चार. एकदा सहा झाले. सातव्या सकाळी 'टक'. तवा आपटायचा थांबला. आत्याबाई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या, आणि मामाजी गाडीतून दहा वाजेपर्यंत उतरलेच नाहीत.

मग मीच सुचवलं, की माहेरच्या आमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांना दाखवा. मामाजींनी बॅटरी फडक्यात बांधली, मांडीवर घेतली आणि बडनेऱ्याहून आगगाडीनं अकोल्याला गेले. धोतराला आम्लाची भोकं पाडून परत आले, पण नवीनच माणूस होऊन आले. उस्तादांनी बॅटरी दोन दिवस ठेवून घेतली होती आणि सांगितलं होतं, "तारमास्तर, बॅटरी तो भली-चंगी है. चोर आपकी गाडी में बैठा है." मामाजी ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाले, "सूनबाई, मी तीस वर्स तारेवरची गळती हुडकली. कोसकोस लाइनीवर पायी हिंडलो. अन् माह्याच दारातल्या लाइनीवर मी कधी हिंडलोच नाई! मी नुसता पेशंटाले कांबळ पांघरून राहिलो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून तारखात्याच्या काळातलं काट्याचं मीटर काढलं. डोळे कमजोर, म्हणून काटा वाचायचं काम माझ्याकडे आलं. गाडीतलं सगळं बंद करून त्यांनी बॅटरी आणि गाडी यांच्या मध्ये मीटर जोडलं. सारं बंद असताना काटा शून्यावर हवा. तो नव्हता.

"सूनबाई, काटा?"

"दोनावर आहे, मामाजी."

"दोनावर! म्हंजे पेऊन राहिला चोर!" त्यांनी पुढच्या दिव्यांची तार सोडवली. "आता?"

"दोनावरच."

भोंग्याची सोडवली. दोनावरच. एकेक तार सुटत गेली, ऊन अंगणात उतरलं, आणि काटा जागचा हलेना. शेवटी एक बारीक, कापड गुंडाळलेली तार राहिली. ती पाठीमागच्या बाकाखाली गेली होती. ती सोडवली आणि काटा असा पडला की मी किंचाळलेच, "शून्य! मामाजी, शून्य!"

पण मामाजी ओरडले नाहीत. ते त्या तारेकडे बघत राहिले. "ही कशाची आहे?" मी विचारलं. त्यांनी बाकावरची गादी उचलली. कडेला एक पितळेचं छोटं बटण होतं, मी कधी न पाहिलेलं. ते हळूच म्हणाले, "ही मीच बसवली. गाडी घेतली तवाच. तुमची सासू मागं बसनार, मले आयकू येत नाई, अन् ती काई नाव घेऊन हाक मारत नाई. तिले थांबा म्हनाचं असलं, पानी पाह्यजे असलं, त तिनं बटन दाबावं, माह्यापाशी घंटी वाजंन. तिले सांगाच्या आधीच ती उतरली." रोज सकाळी मळ्यातून शेवंतीच्या ओल्या टोपल्या त्याच बाकावर येत. पाणी झिरपून गादीतला काथ्या कायम ओला, आणि तारेवरचं कापड झिजून गेलेलं, म्हणजे वीज त्या ओलीतून गळत होती. ज्या दिवशी फुलं जास्त, त्या रात्री बॅटरी रिकामी. सगळा हिशेब जुळत होता. मामाजींनी बटण उपटून कोटाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "तिले सांगू नोका."

मी अर्थातच सांगितलं. आत्याबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विळी थांबली नाही. मग म्हणाल्या, "मंग ते बटन कहाडलं काय त्यायनं?"

"हो, काढलं."

"काहून?" त्या एकदम कडाडल्या. "एवढं माह्यासाठी बसवलं, अन् मले न इचारता कहाडलं? पुन्यांदा बसवा म्हना!"

मामाजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तार ओवली, गादीखाली मेणकापड घातलं आणि बटण पुन्हा बसवलं. फुलांच्या टोपल्या टपावर गेल्या. आणि मग सात सकाळींचं मोजणं सुरू झालं. चौथ्या दिवशी शेजारी येऊन उभे राहिले. सहाव्या दिवशी थोरले भाऊ मळा सोडून आले. सातव्या सकाळी मामाजींचा हात बटणावर जाईना. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "दाबा ना! मी लुगडं नेसून बसली हावो केव्हाची!" त्यांनी दाबलं, आणि इंजिन असं गरजलं की कडुनिंबावरचे कावळे उडाले. मामाजींनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते हसत होते की रडत होते ते मला दिसलं नाही.

परतवाड्याला आम्ही दुपारच्या आत पोचलो. वाटेत अकरा वेळा घंटी वाजली. त्यातल्या दोन वेळाच काही काम होतं. दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या. धाकटीनं आत्याबाईंचा चेहरा अगदी जवळ घेऊन पाहिला, उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "बाप्पा, किती पिकले वं तुहे केस!" मग दोघी आत गेल्या आणि आम्हाला विसरल्या. मामाजी मात्र गाडीतून उतरेनात. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं होतं. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर? इथं, मेहुणीच्या दारात? तासभर गाडी थरथरत उभी, आणि मामाजी आत ताठ बसलेले. जेवायला बोलावलं तरी येईनात. शेवटी आत्याबाई स्वतः बाहेर आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या.

"बंद करा ते."

"अवं, पन..."

"नाई सुरू झाली त राहू आठ दिवस इथंच. काई जाऊन राह्यलं काय आपलं? बंद करा, अन् चाला जेवाले."

मामाजींनी किल्ली फिरवली. एवढा वेळ चाललेला आवाज थांबला, आणि आतून ताटं मांडल्याची खणखण ऐकू आली. आम्ही तीन दिवस राहिलो. चौथ्या सकाळी गाडी कुणाचा हात न लागता सुरू झाली.

त्यानंतर ती मोटार चांगली चालली. मग लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि बाळापूरच्या एका बागाईतदारानं विहिरीवर लावायला इंजिन हवं म्हणून तिला मागणी घातली. मामाजी स्वतः पोचवायला गेले आणि सर्व्हिसनं परत आले. आत्याबाईंनी विचारलं, "कशी हाय जागा?"

"मानसं चांगली हायेत," ते म्हणाले. "विहिरीले पानी हाय. वांग्याले, मिरचीले देऊन राहिले." मग थोड्या वेळानं, "एका दमात सुरू झाली. मले कोनं काई इचारलंच नाई."

मग ते ओसरीवर टेकले. मामाजींची बोटं गुडघ्यावर स्वस्थ पडली होती. तशी मी कधी पाहिली नव्हती. आत्याबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तो स्टोव्ह दोन दिवसांपासून भपकारे मारून राहिला. कुठं गळती हाय काय, पाहा बरं जरा."

स्टोव्हला काहीही झालेलं नव्हतं. सकाळीच मी त्याच्यावर चहा केला होता. पण मामाजींनी टोपी काढून खुंटीला लावली आणि माझ्याकडे हात पुढे केला, "सूनबाई, पेचकस आना." पुढचा आठवडाभर तो स्टोव्ह ओसरीवर सुटा होऊन पडला होता. मी धुरात डोळे चोळत चुलीवर चहा करत होते, आणि कुणालाही काही सांगितलं नाही.