शनिवारचे निरोप

कोर्टात मुलांसाठी म्हणून एक वेगळी खोली असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायची वेळ कुणावर न येवो. ज्यांच्या आईबापांचं फाटलंय अशी पोरं तिथे शनिवारी आणतात. पोर ज्याच्याकडे राहत नाही त्याने यायचं, दोन तास त्याच्याशी खेळायचं, बोलायचं आणि जायचं. खोलीला दोन दारं. एकातून आई येणार, दुसऱ्यातून बाप. हे मुद्दाम केलेलं, कारण दोघं एकाच दारात समोरासमोर आले की पोराचं भान सोडून एकमेकांची उणीदुणी काढायला लागतात. मधली जी आठ-दहा पावलांची जागा, ती पोराचा हात धरून पार करून देणारी बाई म्हणजे मावशी. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी जजबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशी.

आणि नुसता हात धरायचं काम नव्हतं हं ते! सकाळी येऊन फरशी पुसायची, खेळणी धुवायची, केस उपटलेल्या बाहुलीला फडक्याची टोपी करून घालायची. रडणाऱ्याला पाणी, घाबरलेल्याला मांडी, आणि "मला नाही जायचं त्यांच्याकडे" म्हणून टेबलाखाली शिरून बसलेल्याला गोडीगुलाबीने बाहेर काढायचं. वकिलांना हे जमत नाही, समुपदेशन करणाऱ्या शिकलेल्या मुली आल्या की त्यांना थोडंफार जमतं, पण त्या महिन्यातून एकदा येणार. मावशीच्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या संसाराला लागलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी जाऊन भिंतींशी बोलण्यापेक्षा ही पोरं बरी, असं ती म्हणायची.

या खोलीत सगळ्यात वाईट काय असतं, तर भांडण नाही. वाईट असतं ते न येणं. पोर नवे कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून येतं, समोरच्या दाराकडे टक लावून बसतं, आणि ते दार काही उघडत नाही. अहो, पोटच्या पोराला भेटायला दोन तास मिळत नाहीत या लोकांना! मावशीच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. कारण ती स्वतः तशी बसलेली होती. ती सातेक वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला, आणि एकदा "येतो भेटायला" असा निरोप पाठवून आला नाही. ती पायरीवर बसून राहिली. अंधार पडायला लागल्यावर आई बाहेर आली आणि म्हणाली, "येणार नाही तो. ऊठ, जेवून घे." बस्स, एवढंच. ना जवळ घेतलं, ना डोक्यावरून हात फिरवला. त्या एका वाक्यासाठी मावशीने आईला जन्मभर माफ केलं नाही. आई गेली तेव्हा ढसाढसा रडली, पण माफ केलं नाही.

म्हणून मग दार उघडलं नाही की मावशी काहीतरी सांगायची. गाडी बंद पडली. ताप आलाय. साहेबांनी कामाला थांबवून घेतलं. पोराचा चेहरा जरा निवळायचा आणि ते खेळायला लागायचं. यात काय बिघडलं, असं तिला वाटायचं. कुणालाही वाटलं असतं.

अशात भिंगरी आली. सहा वर्षांची, एका जागी उभी म्हणून राहायची नाही, स्वतःभोवती गरागरा फिरायची आणि चक्कर आली की खिदळत फरशीवर पसरायची. म्हणून मावशीनेच हे नाव पाडलेलं. आई एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग. बाप लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. सुरुवातीला बाप आला, नाही असं नाही. दोन-तीनदा आला, पोरीला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचला, तिचा पापा घेतला, आणि मग यायचा बंद झाला.

तो आला नाही त्या पहिल्या शनिवारी मावशी म्हणाली, "फोन आला होता बाबांचा. टायर पंक्चर झालाय."

भिंगरीने विचारलं, "कुठला? पुढचा की मागचा?"

घ्या! आता खोटं बोलायचं तर नीट बोलावं लागणार. मावशी म्हणाली, "मागचा." पुढच्या शनिवारी तिने आधीच विचार करून ठेवला होता. ती खोलीबाहेर क्लार्कच्या टेबलापर्यंत जाऊन यायची आणि पदराला हात पुसत म्हणायची, "आला गं बाई फोन! तुझी आठवण काढत होते." मग पोरगी निरोप द्यायला लागली. बाबांना सांग मला नवीन दात आलाय. बाबांना सांग मी चित्रात ट्रक काढला. मावशी पुन्हा बाहेर जायची, थोडं थांबून परत यायची आणि दाताबद्दल बाबा काय म्हणाले ते सांगायची. कधी स्वतःच्या पिशवीतली गोळी द्यायची, "बाबांनी पाठवलीय." पोरगी ती गोळी लगेच खायची नाही, गालात ठेवून बसायची.

एक चूक मात्र मावशीने अशी केली, की 'ती तरी काय करणार' म्हणून सोडून देता येत नाही. ती पोरीला म्हणाली, "आईला नको सांगूस हं फोनचं. आईला वाईट वाटतं." तिला आपलं वाटलं, आईने ऐकलं तर ती खरं काय ते सांगून मोकळी होईल आणि पोरगी हिरमुसेल. पण सहा वर्षांच्या डोक्यात त्याचा काय अर्थ झाला असेल? बाबा चांगले, बाबा फोन करतात, आणि आईला ते आवडत नाही. म्हणजे बाबा येत नाहीत ते कुणामुळे? पोरगी हळूहळू आईशी तुटक वागायला लागली. शनिवारी दारातून आत येताना आईचा हात झटकायची. मावशीने ते पाहिलं, पण बाप नसलेली पोर थोडी हट्टी व्हायचीच, अशी मनाची समजूत घातली.

आईचे हाल काय सांगावेत! ती कामावर गेली की पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची. शेजारीण अधूनमधून खिडकीतून डोकावायची, तेवढाच आधार. मावशीला हे सांगताना तिची मान वर होत नव्हती. पण आता वाट निघाली होती. तिच्या बहिणीने दुसऱ्या गावात तिच्यासाठी एक काम बघितलं होतं. एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात नोकरी, राहायला आवारातच खोली, पोरीला त्याच शाळेत प्रवेश. कडी नको, चटके नकोत. फक्त गाव सोडायला कोर्टाची परवानगी हवी, कारण शनिवारची भेट ठरवून दिलेली. "तो येतो कुठे, मावशी?" आई हसून म्हणाली होती. "नाही कशाला म्हणतील?" मावशीने तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तिलाही बरं वाटलं. सुटेल पोरगी, शिकेल, मोठी होईल.

बापाने हरकत घेतली. पोरगी हवी होती म्हणून नव्हे. बायकोचं सुखासुखी होतंय, हे त्याला खपेना.

मग जजबाईंनी पोरीला आपल्या खोलीत बोलावलं. वकील नाहीत, आई नाही, बाप नाही. नवी जागा बघून पोरगी बिचकली म्हणून मावशीला बरोबर राहू दिलं. जजबाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवायला नकोत. त्यांनी चष्मा काढून ठेवला, पोरीला बिस्किट दिलं आणि विचारलं, "आईबरोबर दुसऱ्या गावी जायचंय का तुला? नवी शाळा आहे तिथे."

"नको," भिंगरी म्हणाली. "बाबांचा फोन तिथे कसा येणार?"

"बाबा फोन करतात?"

"दर शनिवारी करतात. ट्रक लांब असतो ना, म्हणून येता येत नाही. एकदा मागचा टायर पंक्चर झाला होता. माझा दात आला तेव्हा ते म्हणाले, आता ऊस सोलून खाशील. आईला नाही सांगत मी. तिला बाबा आवडत नाहीत." आणि मग ती मान वळवून म्हणाली, "हो ना गं मावशी?"

जजबाईंनी मावशीकडे पाहिलं.

आता इथे थांबून विचार करा. दोन अक्षरांचं काम होतं. 'नाही' म्हणायचं, बास. मावशीला कळत होतं की आईची नोकरी, ती खोली, ती शाळा, सगळं त्या एका शब्दावर आहे. पण पोरगी तिच्याकडे बघत होती, आणि ते डोळे मावशीच्या ओळखीचे होते. ती म्हणाली, "हो."

बाहेर कोर्टात बापाला विचारलं तेव्हा तो आधी गोंधळला. कसला फोन नि कसलं काय! पण ट्रक चालवणारा माणूस, वळण दिसलं की त्याला वळता येतं. छाती पुढे काढून म्हणाला, "करतो की साहेब. न चुकता करतो. जीव आहे पोरीत." आईच्या पायाखालची जमीनच सरकली. ती उभी राहून म्हणाली, "खोटं आहे हे! हा कधी..." पण तिच्या वकिलाने तिला खाली बसवलं. जजबाईंनी लिहिलं, की बाप प्रत्यक्ष येत नाही ही गोष्ट बरी नव्हे, तरी मुलीची त्याच्यावर माया आहे, तो संपर्क ठेवून आहे, आणि आईला तो खपत नाही असं दिसतं. अशा वेळी मुलीला दूर नेणं तिच्या हिताचं नाही. शनिवार चालू राहतील. आई तोंडात पदर कोंबून रडत होती आणि बाप घड्याळ बघत होता.

मावशीने तिला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, हात जोडून. आईने शांतपणे ऐकून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर मावशीला सोसलं असतं.

"मग आत का नाही बोललात?" तिने एवढंच विचारलं.

"ती माझ्याकडे बघत होती गं."

"माझ्याकडे ती बघतसुद्धा नाही, मावशी. मला वाटायचं, कडी लावते म्हणून रागावलीय."

मावशी वकिलाकडे गेली, जबाब लिहून द्यायला तयार झाली, नोकरी गेली तर गेली म्हणाली. वकील म्हणाला, नवा अर्ज करावा लागेल, तारीख मिळायला वेळ लागेल, आणि आधी हो म्हणालेल्या बाईचं नाही कोण मनावर घेणार? तेवढ्यात वसतिगृहाने ती जागा दुसऱ्या बाईला दिली. त्यांचं तरी काय चुकलं, शंभर पोरांचा स्वयंपाक कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. आईने पुन्हा लाँड्रीत दोन पाळ्या धरल्या आणि पोरगी पुन्हा कडीच्या आत.

त्या दिवशी जिन्यातून जाताना आई एक गोष्ट बोलली होती. "निदान तिला तरी सांगा खरं. माझं ऐकणार नाही ती. तुमचं ऐकेल."

पुढच्या शनिवारी बाप आला नाही. मावशी आज क्लार्कच्या टेबलाकडे गेली नाही. ती फरशीवर भिंगरीसमोर बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. रात्रभर तिने शब्द जुळवले होते, त्यातला एक आठवेना.

"बाळा, बाबांचा फोन कधीच आला नव्हता. मीच सांगायचे. गोळ्यासुद्धा माझ्याच. तू रडू नयेस म्हणून गं. मावशी चुकली."

भिंगरी रडली नाही. तिने मावशीचा चेहरा नीट न्याहाळला, भुवया आक्रसून, मोठ्या बाईसारखं. मग हात सोडवून घेतले.

"आईने सांगायला लावलं ना तुला?"

"नाही गं राणी, देवाशपथ नाही. आई बिचारी..."

"मला माहितीय," भिंगरी म्हणाली. तिने छोटी खुर्ची उचलली, बापाच्या दाराजवळ नेऊन ठेवली आणि मावशीकडे पाठ करून बसली. मावशीने हाका मारल्या, विनवण्या केल्या, जवळ जाऊन बसली. पोरगी हू की चू करेना. त्या दिवशी ती एकदाही गरागरा फिरली नाही.

वेळ संपली तशी आई आपल्या दारात येऊन उभी राहिली. कामावरून तशीच धावत आली होती, केस घामाने चिकटलेले. तिने आशेने आधी मावशीकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि हात पुढे केला. भिंगरीने तो धरला नाही.

"मावशीलापण तूच शिकवलंस," ती आईला म्हणाली, आणि बापाच्या दाराकडे बघत बसून राहिली.