डाव्या खोक्यातलं मंगलाष्टक

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बी.एस्सी. झालेला, रिकामा वेळ सोल्डरिंगच्या धुरात घालवणारा. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी आधी विचारायचो, ‘अर्थिंग तपासलं होतं का?’ तरीही हे लिहितोय, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा अंगावर काटा येतोय... भीतीचा नाही, आनंदाचा!

१९८२ चा उन्हाळा. मी नोकरीनिमित्त वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहायचो. आईवडील आणि धाकटी बहीण सुनंदा सेलूला. बाबा शाळेत मराठीचे मास्तर होते. पण पंचक्रोशीत त्यांची खरी ओळख वेगळी – गुरुजींनी मंगलाष्टक म्हटल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, असं लोक म्हणत. वधूवरांची नावं गुंफून ते प्रत्येक लग्नाला नवं कडवं रचायचे. माइकची गरज नव्हती, तरी माइकवर म्हणायचे. हौस!

त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून बाबा पाटीवर लिहून बोलत. आणि नेमकं त्यानंतर सुनंदाचं लग्न ठरलं, जाम गावच्या मुलाशी. दुसऱ्यांच्या शेकडो पोरींना गाऊन सासरी धाडणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी तोंड उघडता येणार नव्हतं. घरात कुणी हा विषय काढत नव्हतं. बाबांनी कडवं मात्र रचलं, कागदावर उतरवलं आणि पाटीवर मला लिहून दिलं – ‘तू म्हण.’ माझा आवाज म्हणजे फाटका ढोल. पण नाही कसं म्हणणार?

निदान आवाज बाहेर तरी चांगला पडावा म्हणून मी माझे स्पीकर सेलूला नेले. एका बंद पडलेल्या टॉकीजमधून आणलेली दोन अजस्र लाकडी खोकी – खाली खर्जाचा भाग, वर बारीक आवाजाचा, आणि मधे माणसाच्या आवाजाचा भोंगा. हा मधला भोंगाच सगळी जादू करतो. नेमका डाव्या खोक्यातला तडकला होता, माणूस बोलला की नाकात बोलल्यासारखा वाटे. दोन-तीन भोंगे बदलून पाहिले, एकही जमेना. शेवटी मंडपवाले नामदेवभाऊ म्हणाले,

“माह्याकडे एक जुना आहे, ॲल्युमिनियमचा. गुरुजी इतके वर्षं त्याच्यातूनच मंगलाष्टकं म्हनत. लावून तं पाह्य.”

लग्नाच्या सकाळी मी तडकलेल्या भोंग्यामागचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा डबा, काढलं, त्याच्या आट्यांवर सुताचा दोरा गुंडाळला आणि तो भोंगा कसून बसवला. सनईची रेकॉर्ड लावली आणि उडालोच! इतका मोकळा, गोल आवाज त्या खोक्यातून कधी आला नव्हता. बाबा जवळ आले, भोंग्यावरून हात फिरवला आणि निघून गेले.

वऱ्हाडातली पोरं सारखी माइकवर ‘हॅलो हॅलो’ करत होती. वैतागून मी माइकची वायरच दोन्हीकडून काढली आणि झब्ब्याच्या खिशात कोंबली. मग जेवणाची पानं, पाहुणे, मुहूर्त... वायर साफ विसरलो.

अंतरपाट धरला. नामदेवभाऊंनी रेकॉर्ड थांबवून सुई उचलली. भटजींचं झालं, त्यांनी मला खूण केली. मी कागद उलगडला, श्वास घेतला, आणि वायर आठवली. हात खिशात घातला तर ती तिथेच! आणि तेवढ्यात डाव्या खोक्यातून आवाज आला.

बाबांचा आवाज.

तो खणखणीत, ‘शुभ’वर किंचित थबकणारा आवाज. कडवं तेच, माझ्या हातातल्या कागदावरचं. त्यात जावयाचं नाव, दोन्ही कुळांची नावं, सगळं जिथल्या तिथे. ऑपरेशननंतर रचलेलं ते कडवं बाबांच्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं, मग टेप असेल कुठून? रेडिओ घुसला म्हणावं, तर रेडिओला आमच्या जावयाचं नाव कोण सांगणार? मी बाबांकडे पाहिलं. ते सुनंदाच्या मागे मुठीत अक्षता धरून उभे होते. डोळे मिटलेले. ओठही मिटलेले.

कागदावर शेवटची ओळ होती, ‘सासूच्या घरि लेक ही सुखि असो’. आवाज म्हणाला,

‘बापाचा नसला गळा तरि सुनू, कुर्यात् सदा मंगलम्...’

सुनू हे तिचं घरातलं नाव. सुनंदानं झटकन मान वर केली. मग ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि खोकं गप्प.

नवऱ्या मुलाचे काका माझ्याजवळ आले. “काऊन जी, गुरुजीचा आवाज गेला म्हनत होते ना? कोन उठवते अशा गोष्टी?” नामदेवभाऊ तर मंडपाच्या खांबाला धरून रडत होते.

नंतर मी काय काय केलं म्हणता! तोच भोंगा उजव्या खोक्यात लावला, दुसऱ्या युनिटवर बसवला, माइक जोडून, माइक काढून, तारा उलटसुलट करून पाहिल्या. उत्तम आवाज देतो, पण जे घालाल तेवढंच देतो. दोन इंजिनिअर मित्रांनी डोकी खाजवली. कारण आजतागायत सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, मी शोधायचंही सोडलं आहे.

एक सांगायचं राहिलं. पाठवणी झाल्यावर मी बाबांजवळ गेलो. मी काही विचारायच्या आत त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं –

‘मनातल्या मनात म्हणत होतो. ऐनवेळी शेवटची ओळ बदलली. वृत्तात बसली ना?’

मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, ‘बसली.’