चाकाचा कौल

सहदेव पाष्टेने जुनी गाडी घेतली ती इंजिन बघून नव्हे, चाकं बघून. आधीच्या मालकाने हौसेने मोठी, चकचकीत अलॉयची चाकं बसवली होती. दर रविवारी सहदेव ती फडक्याने पुसायचा आणि बायको माधुरी गॅलरीतून म्हणायची, "आता पावडर पण लाव त्यांना." हौसेला मोल नसतं म्हणतात, ते हौस अंगाशी येईपर्यंत.

शिमग्याला गावी निघायच्या आदल्या सकाळी विक्रोळीपाशी गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढचं डावं चाक वाकलं. स्टेपनी होती, पण मूळच्या लहान मापाची. तिच्यावर लंगडत मुलुंडच्या गॅरेजपर्यंत येता आलं, संगमेश्वरपर्यंत जाता येणार नव्हतं.

जायला तर हवंच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रामदेवीची पालखी पाष्ट्यांच्या घरी येणार होती. गावात घराघराचा दिवस ठरलेला. दार उघडं असलं की पालखी अंगणात येते, नाचते, ओटी घेते. कुलूप दिसलं की पुढच्या घरी जाते. सहदेवच्या आईने, रत्नप्रभाने, लग्न होऊन आल्यापासून पालखीला एकदाही दारावरून जाऊ दिलं नव्हतं. आता ती मुलुंडात मुलाकडेच राहायची आणि तिचे गुडघे गेले होते. रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलेली, भाड्याच्या गाड्या शिमग्यात मिळत नाहीत, आणि उभ्याने बसमधून जाणं तिच्याने होणार नव्हतं. ओटीचं लुगडं मात्र तिने कधीच पिशवीत भरून ठेवलं होतं.

गॅरेजवाल्या सिद्धेशने चाक फिरवून बघितलं. "काका, लोखंडी असतं ना, तर ठोकून दिलं असतं. हे अलॉय. गरम करून दाबतो, सरळ होईल. पण तडा जाऊ शकतो."

"मग नवीन टाक."

"हे डिझाइन बंद झालं. कुर्ल्याला जुन्या बाजारात पण विचारलं, नाही जोडीचं. बदलायची तर चारही बदला, टायरसकट. आजच्या आज नाही होणार ते."

"मग करू काय रे?"

"गाडी तुमची. तुम्ही सांगा ना."

 आता कोकणी माणसाचं एक बरं असतं, जे स्वतःला ठरवता येत नाही ते त्याला देवावर टाकता येतं. सहदेवने गावी अण्णा गुरवाला फोन लावला आणि कौल लावायला सांगितलं. अण्णाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, फोन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि तो गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. उजवी पाकळी आधी पडली तर होकार.

"काय विचारू?" अण्णा म्हणाला.

"चाक दुरुस्त करून घेऊ का, एवढंच विचार."

सिद्धेश पाना हातात धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने अण्णा ओरडला, "उजवा दिलान रे!"

सहदेवने तिथेच हात जोडले. चाक तापलं, दाबलं, सरळ झालं. टायर चढवून, हवा भरून सिद्धेशने ते पाण्याच्या टाकीत बुडवलं. रिमच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले. दोघंही बघत राहिले. पुसून पुन्हा बुडवलं, पुन्हा बुडबुडे.

"तडा गेलाच," सिद्धेश म्हणाला. "घाटात आजीला घेऊन नका जाऊ. मी तरी नाही सांगणार जा म्हणून."

सहदेवने परत फोन लावला. "अण्णा, देवी हो म्हणाली आणि चाक नाही म्हणतंय."

"तू चाक दुरुस्त करू काय विचारलंस. तिने कर सांगितलं, तू केलंस. आवशीला घेऊन येऊ काय, ते कुठे विचारलंस? विचारू आता?"

 खरं तर ते सहदेवने मुद्दामच विचारलं नव्हतं. डावा पडला असता तर आईला कुठल्या तोंडाने सांगायचं, ही भीती. आणि आता उजवा पडला तर? मग त्या चाकावर आईला बसवावं लागेल.

"नको," तो म्हणाला. "नको विचारू."

घरी त्याने सांगितलं तेव्हा आईने ओटीची पिशवी उचलून उशाशी ठेवली. त्यानेच त्याला जास्त लागलं. माधुरी म्हणाली, "तुम्ही तरी बसने जा." पण आईला मागे ठेवून तिचीच ओटी घेऊन निघायला त्याचा पाय उचलेना. आपण गाडी घेतली, चाकं पुसली, देवाला विचारलं, आणि एवढं सगळं करून आईला तिच्या दारापर्यंत नेता येत नाही, या विचाराने त्याला रडू यायला लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णाने व्हिडिओ कॉल लावला. ढोल वाजत होते. पालखी पाणंदीतून आली, पाष्ट्यांच्या घरासमोर क्षणभर हलली. दाराला कुलूप होतं. भोई पुढे निघाले.

रत्नप्रभाने लुगडं मांडीवर घेतलं आणि सहदेवच्या हातातल्या फोनवर वाकून ती मोठ्याने, पत्ता सांगावा तशी म्हणाली, "आई, थांब गो! घरात कोण नाय. मी हिकडं हाय, मुलुंडात!"