ताईचा इंग्रजीचा पेपर

माझी मोठी बहीण दहावीला इंग्रजीत नापास झाली, तेव्हा मी आठवीत गेले होते. तिचे बाकीचे सगळे विषय सुटले होते, गणितसुद्धा. एकट्या इंग्रजीनं पाय ओढला. घरात माझंच इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून ताईला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. धाकटीनं थोरलीला शिकवायचं म्हणजे उलटी गंगा, पण ताईनं त्याची कधी लाज बाळगली नाही. मीच जरा शेफारले होते.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती आणि बांधाला थोडे गुलाब. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना रोज पहाटे फुलं घेऊन नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात जायचे. तिथं त्यांना मान होता तो फुलांपेक्षा शब्दासाठी. एखाद्या हारवाल्याला सकाळी भाव सांगितला आणि तासाभरात बाजार चढला, तरी नाना सांगितल्या भावानंच माल द्यायचे. आई कुरकुरायची. नाना म्हणायचे, "जीभ एकच हाय मला." आम्हा पोरींना त्यांचा फार अभिमान वाटायचा.

निकालाच्या दिवशी ताई गोठ्यामागं रडत बसली, तेव्हा नानाच तिच्याजवळ गेले. म्हणाले, "रडू नको. ऑक्टोबरला इंग्रजी सोडव, मी तुला नर्सिंगला घालतो. जा, तोंड धू." ताईला नर्स व्हायचं होतं. आमच्या वस्तीवर लस टोचायला एक सिस्टर यायच्या. त्या पोरांना रडवायच्या आणि वर त्यांच्या आयांनाच दरडावायच्या. भल्याभल्या सासवा त्यांच्यापुढे मुकाट बसायच्या. बाईमाणसाचं सगळे ऐकतात, असं ताईनं तेवढं एकच उदाहरण पाहिलं होतं. पण दहावी पास झाल्याशिवाय त्या कोर्सला घेत नव्हते.

मग आमची शाळा झेंडूत भरू लागली. ती एका सरीत, मी शेजारच्या सरीत, हातानं फुलं तोडायची आणि तोंडानं व्याकरण. ताईचं घोडं पेंड खायचं ते कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलण्यापाशी. कर्ता एकटा असला की क्रियापदाला एस लागतो, पुष्कळ असले की तो जातो. "हे उलटंच नाही का?" ती वैतागायची. "एस तर पुष्कळांचा असतो ना?" मग विचार करून करून तिनंच एक तोड काढली. "एस म्हणजे आपली फुलं भरायची पाटी. दोघी बहिणींत एकच. फुलांनी घेतली तर क्रियापद मोकळं. फ्लॉवर्स स्मेल. एकट्या फुलानं नाही घेतली तर क्रियापदानं उचलायची. फ्लॉवर स्मेल्स." त्यानंतर तिच्या चुका बऱ्याच कमी झाल्या.

एक चूक मात्र जाता जात नव्हती. 'माय फादर आर अ फार्मर.' दरवेळी आर. आणि गंमत म्हणजे आईचं वाक्य पहिल्यापासून बरोबर यायचं.

"नाना आले, नाना गेले असंच म्हणतो ना आपण?" ती म्हणायची. "इज लिहिलं की नाना आला, नाना गेला म्हटल्यासारखं वाटतं."

"आणि आईला बरं चालतं इज?"

"तिला कोण अहो-जाहो करतं इथं?"

मी तेव्हा पोट धरून हसले होते. आज नाही हसू येत.

शेवटी हे भांडण मी नानांपर्यंत नेलं. ते पाण्याच्या पाटावर बसून चिखलाचे पाय धूत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिव्ह की मग इज. सायबाच्या भाषेत मी ल्हान झालो तर काय बिघडलं? तू पास व्हय म्हंजे झालं." ती पास व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ते आधीपासूनच पोटात एक ठेवून होते. तसं नव्हतं.

पेपर दसऱ्याच्या तोंडावर आला. दसऱ्याचा झेंडू म्हणजे आमच्या घराचं सगळं वर्ष. त्या दिवसांत तापानं फणफणलेलं माणूसही तोडणीला उभं राहतं. तरी नानांनी ताईला फुलांना हात लावू दिला नाही. पेपरच्या सकाळी बाजार शेजाऱ्याच्या हाती सोपवला आणि स्वतः तिला केंद्रावर सोडून आले. ताई परतली ती जवळजवळ नाचतच.

दसरा झाला आणि सिन्नरहून स्थळ आलं. मुलगा तिथल्या एमआयडीसीत कामाला, घरची शेती, माणसं सरळ. आई म्हणाली, "पोरीचा निकाल तर लागू द्या."

"आन् परत नापास झाली मग?" नाना म्हणाले. "असलं स्थळ काय दारात थांबून ऱ्हाणार हाय?"

नुसतं बोलणं करायला बसलेली माणसं सुपारी फोडूनच उठली. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं. मग कुणी मोडलं तर आधी मुलीच्या नावाला बट्टा लागतो आणि पाठोपाठ तिच्या बापाच्या. ताई आतल्या खोलीत माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "निकाल लागला की नाना बोलतील त्यांच्याशी." तिला खरंच तसं वाटत होतं.

दिवाळी सरल्यावर निकाल लागला. ताईचं इंग्रजी सुटलं, आणि काठावर नव्हे, चांगल्या मार्कांनी. नानांनी पेढे आणले. देवापुढे ठेवले, मळ्यात कामाला आलेल्या बायकांना वाटले. ताई सारखी त्यांच्या मागं मागं होती. बायका गेल्यावर तिनं विचारलं, "नाना, मग नर्सिंगचं कसं?"

नाना पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. "सुपारी फुटली ना पोरी. मी शब्द दिऊन बसलो त्यान्ला."

"मला पण दिला होता."

"तू घरची हायेस," नाना म्हणाले.

घरच्या माणसाला दिलेला शब्द मोडला, तर बाजारात कुणाला कळत नाही. मला हे त्या दिवशी समजलं, आणि त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माघात ताईचं लग्न झालं. मी पुढं शिकले, बीएड केलं, नाशिकच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. नाना माझ्या शिक्षणाच्या आड आले नाहीत. मी मात्र कित्येक वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. ताई माहेरी आली की मलाच रागवायची. "त्यांनी तरी काय करायचं गं? आमच्याकडचे थांबले असते का?" तिचा सगळा राग होता तो सासऱ्यांवर. ते बोलणीला आले नसते, सुपारीची घाई झाली नसती, तर आपलं आयुष्य वेगळं असतं, हे तिनं मनाशी धरलं होतं. भांडली कधी नाही. चहाचा कप पुढं ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. म्हातारा माणूस एकटाच ओट्यावर बसलेला मी कितीदा तरी पाहिला.

सासरे वारले, तेव्हा ताईची मुलं शाळेत जाऊ लागली होती. दिवस झाल्यावर मी नानांना घेऊन सिन्नरला भेटायला गेले. नाना थकले होते. व्याह्यांच्या आठवणी काढत काढत ते बोलू लागले. ताई समोर लसूण सोलत होती.

"लय भला माणूस," नाना म्हणाले. "तुझा निकाल लागला ना, तवा मला हुडकत फुलबाजारात आले व्हते. म्हनले, पोरगी हुशार हाय, शिकू द्या तिला. आमी थांबतो दोन वर्सं. नर्स सून आली तर आमालाच चांगलं."

ताईचे हात थांबले. नानांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मी म्हनलं, छ्या! सुपारी फुटली. माघ म्हंजे माघ. आपला शब्द कदी फिरला नाय." आणि त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, कौतुकाचं काही ऐकायला मिळेल म्हणून.

मी तोंड उघडलं, तर ताईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. उरलेला लसूण तिनं तसाच सोलून टाकला, नानांना जेवायला वाढलं, औषधाची गोळी आठवणीनं दिली. आम्हाला सोडायला स्टँडपर्यंत आली. नानांना हात धरून गाडीत बसवलं आणि खाली उतरून माझ्यापाशी उभी राहिली.

"ते थांबायला तयार होते गं," ती म्हणाली. "आणि मी त्या माणसाशी मरेपर्यंत दोन शब्द धड बोलले नाही."