आत्याबाईंचं बी

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. सकाळी त्यांनीच मला डबा भरून दिला होता. पिंपरी पेंढारला घरी पोचले, तर त्या झोपेत असाव्यात तशाच होत्या… आता महिना होत आला.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. मी लग्न होऊन आले ते नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात. गावभर संकरित टोमॅटो, पण परसात आत्याबाईंचे गावठी, चपटे, आंबटढाण. त्यांच्या आईने त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला सासरी पाठवताना दोघींच्या ओटीत ते बी घातलं होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. मोरीजवळ एक वाडगं दिसलं, वर बुरशीची साय, घाण वास. मी ते उकिरड्यावर ओतलं आणि वाडगं लख्ख घासून ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या खाली बसल्या. "नासलं नव्हतं गं ते. बी गरापासून सुटायला ठेवलं व्हतं." झाडं तर आधीच उपटली होती. उकिरड्यावर कोंबड्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी रडायला लागले. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या माझ्यासंगं अवसरीला चल."

अवसरी बुद्रुकला त्यांची धाकटी बहीण. दोघींचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. आई धाकटीकडेच वारली, निरोप उशिरा आला आणि आत्याबाई पोचल्या तेव्हा चिता पेटली होती. हे मला एसटीत कळलं. त्यानंतर मंचरपर्यंत मी मान वर केली नाही.

मावशी दारातच होत्या. "का आलीस?"

"बी संपलं माझं. तुझ्याकडं असंल तर दे."

माझं नावही आत्याबाईंनी घेतलं नाही. मावशींनी पाणी दिलं, आत गेल्या, बराच वेळ आल्याच नाहीत. मग एक पुरचुंडी आणून बहिणीच्या पदरात ठेवली. "आईचं बी हाय. संपून कसं चालंल?" आणि म्हणाल्या, "त्या दिशी मी येळंवर माणूस धाडला व्हता, अक्का."

"एसटी चुकली त्याची. मला मागनं कळलं."

"मग आली का न्हाईस?"

"तुला नको ते बोलून बसले व्हते. कोणत्या तोंडानं यायचं?"

मी अंगणात निघून गेले. परतलो ते दुसऱ्या दिवशी, जेवूनखाऊन. पुढे दर उन्हाळ्यात एक पुरचुंडी इकडून जायची, एक तिकडून यायची. बी तेच, तरी…

इतक्या वर्षांत त्या वाडग्याचा विषय आत्याबाईंनी चारचौघांत कधी काढला नाही. बी सुटलं की चाळणीत कसं धुवायचं, फडक्यावर सावलीत कसं वाळवायचं, हे मात्र माझ्याकडूनच करून घेतलं.

दहाव्याला मावशी आल्या. त्यांना परसात घेऊन गेले. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला आत्याबाई जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधत, म्हणजे ते कुणी तोडायचं नाही. एका झाडावर तशी चिंधी होती; फळ अजून हिरवं होतं. मावशींनी गाठ चाचपली. "अक्काचीच गाठ," म्हणाल्या, आणि झाड वाकलं होतं तिथे काठीचा आधार दिला.

काल ते फळ लाल झालं. बी पुरतं पिकायला अजून चार दिवस झाडावरच राहू देणार आहे.