सिडोनीने चौकात उडवलेली धूळ

सिडोनी फरमेउलेनला मी कधी मवाळ बोलताना ऐकलं नाही. आमच्या व्लासबेके गावात लोक म्हणायचे, बाई तोंडाळ आहे. मी तिच्या समोरच्या घरात तीस वर्षं राहिलो. ती तोंडाळ नव्हती, ती चिडलेली होती आणि चिडायला तिच्याकडे कारण होतं.

तिचा नवरा आखिल जवसाच्या काड्यांपासून लिननचा धागा काढणाऱ्या गिरणीत झोडणीवर होता. ती स्वतः तिथेच, शेजारच्या चाकावर. नदीत कुजवून वाळवलेला जवस मुठीत धरायचा आणि पायाने चाक फिरवत लाकडी पात्यांवर झोडायचा. भुसकट उडतं, धागा हातात राहतो. भुसकट जातं कुठे, तर माणसाच्या छातीत. खिडक्या उघडायला बंदी, का तर वाऱ्याने धागा गुंततो. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी छाती सगळ्यांत जास्त आवळायची. आमच्याकडे कित्येक घरांत सोमवारी कुणी मोठ्याने बोलत नसे, दमच पुरत नसे.

बावन्न साली आखिल गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. गिरणीच्या डॉक्टरने फ्रेंचमध्ये कागद लिहिला आणि सिडोनीपुढे सरकवला. आमच्यापैकी कुणाला फ्रेंच येत नव्हतं. ते मालकाच्या आणि डॉक्टरच्या घरात बोलत.

"काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"जे झालं ते. इथे सही करा."

तिने सही केली. आठ वर्षांनी तिची भाची मठातल्या शाळेत फ्रेंच शिकून आली, तिने तो कागद वाचला. मृत्यूचं कारण : जन्मापासून कमजोर हृदय. धुळीचं नावसुद्धा नाही.

"आखिलचं हृदय?" सिडोनी म्हणाली. "बटाट्याची दोन पोती खांद्यावर घेऊन तो पूल चढायचा. आणि त्या खोटारड्या कागदावर सही माझी."

त्या दिवसापासून ती डॉक्टरपेक्षा स्वतःवर जास्त चिडलेली होती, असं मला वाटतं.

एकाहत्तर साली गावाला सातशे वर्षं झाली. नगरपालिकेने गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढली. सिडोनी ती हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मी ताकातले बटाटे खात होतो.

"योरिस, ते राहू दे. हे वाच. मोठ्याने."

मी वाचलं. सोनेरी नदी. गिरणीतून दिवसभर ऐकू येणारी कामगारांची गाणी. कामगारांना बापासारखे जपणारे मालक.

"गाणी," ती म्हणाली. "खोकल्याला चाल लावली होती का रे आम्ही?"

पुढच्याच आठवड्यात नगराध्यक्ष ओमेर कालेवार्ट तिच्या दारात. मिरवणुकीत जवसाची गाडी असणार होती आणि पायाचं जुनं चाक चालवता येणारी गावात ती एकटीच उरली होती.

"सिडोनीबाई, तुम्ही नाही बसलात तर शोभा नाही. पांढरा एप्रन, कडक टोपी, एखादं गाणं. जवस आम्ही स्वच्छ करून आणलाय, रिबिनी बांधून."

मला वाटलं, आता त्याची धडगत नाही. पण ती म्हणाली, "बरं, बसते."

दोन दिवसांनी तिने मला ट्रॅक्टर काढायला लावला. गावाबाहेरच्या एका कोठारात बंद पडलेल्या गिरणीचा शेवटचा न झोडलेला जवस पडून होता, पंधरा वर्षांचा, उंदरांच्या लेंड्यांसकट. आम्ही सहा पेंढ्या आणल्या आणि गाडीवरच्या बाकाखाली दडवल्या. तिने मला फसवलं असं नंतर लोक म्हणाले. नाही. मला सगळं ठाऊक होतं.

मिरवणुकीत पुढे घोड्यावर सरदार, मग बँड, मग तिरंदाजांचं मंडळ, मग आमची गाडी. गाडीवर सिडोनी आणि गाणं म्हणायला तीन म्हाताऱ्या गिरणीवाल्या, ट्रॅक्टरवर मी. चौकात नगरपालिकेसमोर मंडप होता. त्यात नगराध्यक्ष, पाद्री, आणि पहिल्या रांगेत गिरणीचे धाकटे मालक, म्हणजे आता साठीचे गृहस्थ.

"योरिस, थांबव," ती म्हणाली. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

तिने रिबिनींचा जवस बाजूला फेकला, बाकाखालची पेंढी ओढली आणि चाक सुरू केलं. साठी ओलांडलेली बाई, पण पाय असा चालत होता की गाडी हलत होती. काळपट धुळीचा लोट उठला आणि वाऱ्याबरोबर थेट मंडपात शिरला. लोक आधी हसले, त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. त्या तिघींतल्या इर्माने गाणं मध्येच सोडलं आणि ती सिडोनीला मुठी भरून द्यायला लागली. मंडपात रुमाल निघाले. धाकट्या मालकांना ठसका आवरेना.

"बाई, पुरे झालं!" नगराध्यक्ष ओरडला.

"दोन मिनिटं झालीत," सिडोनी चाक न थांबवता म्हणाली. "आखिलने बावीस वर्षं हेच ओढलं आत. बसा जरा."

हसणं थांबलं. गर्दीतून कुणी म्हातारा म्हणाला, "माझा भाऊ पण." मग एक बाई म्हणाली, "आमचे वडील." तिसऱ्याने नुसतं नावच घेतलं. पोलीस शिपाई माझ्याजवळ आला. त्याचाही बाप झोडणीवरच गेलेला.

"योरिस, मागे गाड्या अडल्यात," तो हळूच म्हणाला. "पण ती पेंढी संपू दे."

पेंढी संपली, तेव्हाच मी किल्ली लावली.

माफी मागा म्हणून नगरपालिकेचं पत्र आलं. उत्तर तिने मला लिहायला सांगितलं : आधी आखिलच्या कागदावरचं हृदय दुरुस्त करा. त्यावर कुणी काही कळवलं नाही. निवृत्तांच्या मंडळाने समुद्राच्या सहलीतून तिचं नाव काढलं, तेव्हा इर्माने स्वतःचंही काढून घेतलं. पुस्तिकेतली एकही ओळ बदलली नाही.

पण त्या शरदात बायका तिच्याकडे चिठ्ठ्या घेऊन येऊ लागल्या. धुळीने गेलेल्यांची चौतीस नावं जमली. तिने ती एका फळीवर रंगवून घेतली. पाद्र्याने फळी चर्चमध्ये लावू दिली नाही, म्हणून ती पुलाजवळच्या कॅफेत लागली. पुढे नगरपालिकेने ती संग्रहालयासाठी मागितली.

"काचेत?" सिडोनी म्हणाली. "ती काय फुलपाखरं आहेत का? मालकांची मुलं इथे बिअर प्यायला येतात. वाचू देत पिता पिता."

अठ्ठ्याहत्तर साली ती गेली. नगरपालिकेने मोठं पुष्पचक्र पाठवलं, सोबत सुबक अक्षरात 'आमच्या गावाची लाडकी कन्या' असं लिहिलेली फीत. भाचीने ते दारातच अडवलं. मी उचललं, चौकापर्यंत चालत गेलो आणि नगरपालिकेच्या पायऱ्यांवर टाकून आलो.