फाटकावरची फांदी

ड्युसेलडॉर्फमध्ये आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्याच्या फाटकापाशी पाइनचं एक झाड आहे. ते आपसूक वाढलेलं नाही, वाढवलेलं आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान तरुणपणी इथल्या जपानी माळ्यांच्या हाताखाली राबले होते आणि तिथे शिकलेलं सगळं त्यांनी जन्मभर या एकाच झाडावर केलं. झाडाची एक फांदी तर त्यांनी वर्षानुवर्षं बांबूला बांधून फाटकावर आडवी नेली होती, येणारा माणूस तिच्याखालून आत यावा म्हणून. जपानमध्ये दारावर अशी फांदी धरायची रीत आहे म्हणे. यजमान वारले आणि झाडाची सगळी उस्तवार बाईंवर आली.

मागच्या एप्रिलमध्ये माझे वडील आमच्याकडे राहायला आले. निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे. आई गेली त्या वर्षी बाबांनी ती माझ्या भावाच्या हाती सोपवली. भाऊ भला माणूस आहे आणि त्याच्या भलेपणानेच बाबांचा घात केला. त्यांनी कात्री उचलली की कुणीतरी धावत येऊन ती काढून घ्यायचं. वय झालं, उन्हात कशाला, आम्ही आहोत ना. एप्रिल छाटणीच्या दिवसांत बागेत नसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. इथे ते दिवसभर खिडकीशी बसून ट्राम बघायचे. मला त्यांची काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. ज्या माणसाने सगळ्यांना पहाटे उठवून कामाला लावलं, तो असा मुकाट बसलेला बघवत नव्हता.

मे महिन्यात पाइनला नवे कोंब येतात, सरळ उभे, फिकट हिरवे. जर्मन लोक त्यांना मेणबत्त्याच म्हणतात. ते वेळेत खुडले नाहीत तर झाडाचा आकार जातो. बाईंना आता शिडीवर चक्कर येते, म्हणून त्या रोज झाडाखाली मान वर करून नुसत्या उभ्या राहायच्या. एके सकाळी माझी मीटिंग संपली आणि खिडकीतून पाहते तर बाबा शिडीवर, आणि बाई खालून काठीने दाखवताहेत, हा ठेवा, तो काढा. भाषेवाचून दोघांचं काहीच अडत नव्हतं.

हे काम कात्रीचं नाही. कात्री लावली तर सुयांची, म्हणजे पाइनच्या टोकदार पानांची, टोकं कापली जाऊन करपतात. कोंब बोटांच्या चिमटीत धरून मोडायचा. शेंड्याकडचे जोरदार कोंब जास्त मोडायचे, आतल्या अशक्त फांद्यांना हात लावायचा नाही, म्हणजे झाडाचा जोर सगळीकडे सारखा जातो. बाबांना हे लगेच उमगलं. "आपल्यासारखंच आहे गं," ते म्हणाले, "जोर वाटून द्यायचा." संध्याकाळी बोटांचा चीक खोबरेल तेलाने काढत ते जेवायला बसायचे, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचे आणि वर दोन पोळ्या जास्त खायचे. मला फार बरं वाटत होतं.

मग एक दिवस बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि बाबा झाडापाशी एकटे राहिले. फाटकावरच्या फांदीला फक्त टोकाकडे सुया होत्या. खोडाजवळ हात-दीड हात नुसतं उघडं लाकूड. द्राक्षाची वेल अशी उघडी पडली की तिची खरड छाटणी करतात. मागे, अगदी बुडाशी कापायचं, की तिथले डोळे फुटतात आणि नव्या काड्या येतात. बाबांनी उभ्या हयातीत हेच केलं होतं. त्यांनी तळघरातून छोटी करवत आणली. दुपारी मी खाली गेले तेव्हा फांदी वाटेवर आडवी पडली होती आणि बाबा खुशीत भुसा झाडत होते.

"मधे नुसतं लाकूड झालं होतं," ते म्हणाले. "आता बघ कसे डोळे फुटतात."

मला झाडातलं ओ की ठो कळत नाही. माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

बाई टॅक्सीतून उतरल्या आणि फाटकातच थांबल्या. बाबांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला एवढंच म्हणाल्या की पाइनला जुन्या लाकडातून फूट येत नाही, जिथे सुई नाही तिथे पुन्हा काही उगवत नाही. मग त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी बाबांना सांगितलं. "असं कसं? झाड आहे, फुटणारच," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी फाटकाशी जाऊन त्या खुंटाला डोळा आलाय का बघायचे. बोटाने चाचपायचे. चीक गळून वाळत होता, बाकी काही नाही. हळूहळू त्यांनी जाणं सोडलं आणि ते पुन्हा खिडकीत येऊन बसले. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुझ्या भावाचं बरोबर आहे. माझ्या हातात आता कात्री द्यायलाच नको." त्यांनी स्वतःला मोडीत काढलं होतं आणि मला त्यांना थोपवता येत नव्हतं. इकडे वरच्या अर्ध्या झाडावरचे कोंब तसेच लांबत चालले होते.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात बाई, धापा टाकत. आमचा जिना त्या कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. बाबा उठून उभे राहिले.

"यांना सांगा," बाई मला म्हणाल्या, "आणि शब्द बदलू नका. ती फांदी बांधताना बांबू मी धरून ठेवायचे. दरवर्षी. मला यांचा राग आलाय. उद्याही असेल. मी मरेपर्यंत असेल. पण वरच्या मेणबत्त्या अजून तशाच आहेत आणि त्या माझा राग जायची वाट बघणार नाहीत. सोमवारी सकाळी खाली यावं. करवतीला हात लावायचा नाही."

मी सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही, मरेपर्यंतसुद्धा गाळलं नाही. बाबा मान खाली घालून ऐकत होते.

"येतो म्हणावं," ते म्हणाले.

"गेनाऊ, ठरलं तर," बाई म्हणाल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत निघून गेल्या.

दार लावून मी वळले तर बाबा खुर्चीत बसून रडत होते. आईच्या वेळीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला बाईंचा संताप आला. या वयाच्या माणसाला इतकं तोडून बोलायची काय गरज होती? मी पाणी आणलं, त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला जायचं नसेल तर मी सांगते त्यांना."

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"तसं नाही गं," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून माझ्यावर कोणी चिडलंच नव्हतं."